दहा आणे पिकाची भाकर

झुंबरचे बाबा,

पिठलं झाकून ठेवलंय. भाकरी नाहीत, पीठ मी सगळं नेलं.

पाऊस थांबलाच नाही, आपली ज्वारी कणसातच काळी पडली. तुमच्या पाटील दादांनी तहसीलदाराला मात्र स्वतःचं उंचावरचं शेत दाखवलं आणि साऱ्या गावाचं पीक सोळापैकी दहा आणे चांगलं सांगितलं. आता कुणालाच शेतसारा माफ होणार नाही. तुम्ही म्हणालात, "जाऊ दे वं, मोठे हायेत ते."

आज साहेब त्यांच्याकडे जेवणार आहेत. भाकरी थापायला जाऊबाईंनी मलाच बोलावलंय. आपल्याच काळ्या पिठाच्या थापीन.

(बैलांना पाणी दाखवा.)

साहेबांनी विचारलं, भाकर कडू का? तर सांगीन, "हेच ते दहा आणे, सायेब."

दादांना आग्रह करून वाढीन.