मध्यंतरानंतरचा घोडा

बाबा, तुमच्या घोड्याच्या पिक्चरचा दुसरा भाग आला.

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि सांगायला सुचलं ते हे. तुम्हाला वाचता येत नव्हतं, हे पत्र टाकायला पेटीही नाही, तरी मी शब्द खोडून पुन्हा लिहितेय. ऑफिसातही माझं असंच. पाकीट चिकटवलं की आत कागद घातला ना, म्हणून परत उघडते. साहेब हसतात. पण घरातली पहिली शिकलेली मी. माझी चूक म्हणजे सगळ्या वाडीची चूक, असं वाटत राहतं.

डोळ्यांपुढे अजून तेच येतं: मे महिना आहे. तुम्ही गिरणीतून रजेवर आलाय. खळ्यात रातांब्यांची रास, भोवती ते फोडत बसलेल्या वाडीतल्या बायका, सगळ्यांचे हात मनगटापर्यंत लाल. मधे पाटावर बसून तुम्ही मुंबईत पाहिलेला पिक्चर सांगताय. आमच्या वाडीत तो कुणीच पाहिलेला नाही आणि सगळ्यांना पाठ आहे. आंधळी आई, खोट्या आळामुळे तुरुंगात गेलेला मुलगा आणि त्याचा काळा घोडा. शेवटी घोडा मुलाला पाठीवर घेऊन खाडी पोहून येतो, आई ओल्या आयाळीवरून हात फिरवते आणि मुलाला ओळखते. पाठलागावरचा ठाकूर चिखलात कमरेपर्यंत रुततो आणि एक बूट तिथेच सोडून पळतो. इथे सगळ्यांचे हात थांबायचे आणि आपली आई म्हणायची, "हात चालवा गो." तुमच्या पिक्चरवर आमची वर्षाची आमसुलं होत होती. पिक्चरमधल्या त्या कोरड्या डोंगराळ मुलखात खाडी कुठून आली, हे कुणी विचारलं नाही. चौथीत असताना मी एवढंच विचारलं, की गेल्या वर्षी घोड्याचा एकच पाय पांढरा होता, यंदा दोन कसे? तुम्ही म्हणालात, "घोडा धावताना त्येचे पाय मोजू नयेत, बाय." सगळ्या हसल्या, मी माडाखाली जाऊन रडले. संध्याकाळी तुम्ही ट्रंकेतून नवी कंपासपेटी काढून दिलीत. मोजायचं ते ह्यानं मोज, म्हणालात. ती अजून ऑफिसच्या टेबलावर आहे.

यंदा दुसऱ्या भागाआधी इथल्या टॉकीजवाल्यांनी पहिला परत आठवडाभर लावला. ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर गेले. मध्यंतरापर्यंत सगळं तुमचंच, ठाकूर खाकरतोसुद्धा तुमच्यासारखा. मध्यंतरानंतर पहिल्याच गाण्यात आंधळी आई वारली. मग घोड्याला गोळी लागली. खाडी नाही, चिखल नाही, बूट नाही. मैत्रीण हुंदके देत होती आणि मला घाम फुटला होता. कारण वाडीतून निरोप आधीच आला होता, की पहिला बापानं सांगितला, आता दुसरा तू सांगायचा. आणि त्या दुसऱ्या भागाच्या पोस्टरवरच घोड्याची समाधी होती. खरं सांगावं, तर आईसमोर, चारचौघींत तुम्ही खोटे ठरणार. नाही सांगावं, तर मी खोटी.

रविवारी घरी गेले. आई भाकऱ्या थापत होती. मी सगळं सांगितलं, चाचरत. तिनं परातीतून नजरही वर केली नाही.

"मला ठाव हाय," ती म्हणाली. "दुपारपाळी असायची त्यांची. पिक्चरच्या मधल्या सुट्टीत उठून गिरणीत पळायचे. म्होरचा सगळा त्यांच्या मनातला."

मग इतकी वर्षं बोलली का नाहीस, मी विचारलं.

"कशाला बोलू? रातांबे फुटत व्हते ना." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "तू सांग तुला पायजे तसा. घोडा मारू नको म्हंजे झाला."

म्हणून बाबा, दुसरा भाग पाहून आल्यावर परवा मी तुमच्या पाटावर बसले. आईनं हळूच एक रातांबा फोडून हातात दिला, तेव्हा कुठे सुरुवात झाली. घोडा म्हातारा झालाय, त्याला एक शिंगरू आहे. आंधळ्या आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन व्हायचंय. आणि ठाकूर परत आलाय, आपला बूट न्यायला. बुटाला बायका इतक्या हसल्या, की रस्त्यावरून जाणारे थांबून बघायला लागले. शेवटी शेजारच्या काकी, सगळ्यांत थोरल्या, हात धुता धुता म्हणाल्या, "बरा व्हता. पन पयल्याची सर नाय." आईनं मान हलवली, तीही काकींच्याच बाजूनं. साहेब एक शब्द बोलले तर मला रात्रभर झोप लागत नाही. पण हे ऐकून मी संध्याकाळभर खूश होते.

मैत्रीण म्हणते, दुसरे भाग पहिल्याच्या पुण्याईवर चालतात. असेल. मला वाटतं, पहिल्यात बघणाऱ्यानं आपल्या पदरचं किती घातलेलं असतं, ते दुसरा भाग काढणाऱ्याला कळत नाही. त्याला बिचाऱ्याला आमची खाडी कशी माहीत असणार?

एक राहिलं. दुसरा भाग मी पुरता पाहिलेलाच नाही. मध्यंतराचे दिवे लागले, मैत्रीण शेंगदाणे आणायला उठली, तशी मीही उठले ती थेट बाहेर उन्हात आले. तिकीट पुरं काढलेलं, पाळीवर कुठे जायचं नव्हतं. शेवट काय झाला ते मैत्रीण रोज डबा खाताना सांगू बघते. मी अजून ऐकलेला नाही.