पेन्सिल गाभण राहिली

३ फेब्रुवारी

आज निळी रिबन आठवली. शाळेतून आले की मी मागच्या पायरीवर बसून वेण्या सोडायची आणि धाकटा भाऊ बाजूला बसून माझ्या डब्यात उरलेला पाव संपवायचा. एकदा आईच्या शेळीने रिबनचं एक टोक तोंडात धरलं. दुसरं धाकट्याने धरलं. बराच वेळ दोघं ओढत राहिले, कुणीच हट्ट सोडेना. शेवटी रिबन सुटली ती ओली, चघळलेली. त्याने ती धुतली, गरम किटलीवर ताणून सुरकुत्या काढल्या, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत सिस्टरना काही कळलं नाही. एवढंच. पुढे काही घडलं नव्हतं.

आठवायचं कारण — आज तो तसाच उकिडवा बसून पेन्सिलला पाला भरवत होता, आणि मला तिचं पोट दिसलं.

पेन्सिल म्हणजे आमच्यातली सगळ्यात लहान शेळी. अजून वर्षाचीही नाही. अंगाने बारीक म्हणून पेन्सिल. शिवाय तिने एक खाल्लीही होती. तिला पोट कुठून आलं? धाकट्याला विचारलं, तर म्हणतो, "बाळसं धरलंय, ताई."

बाळसं! साठी ओलांडलेला माणूस!

४ फेब्रुवारी

जनावरांची डॉक्टरीण येऊन गेली. स्कूटरवरून, कानात डूल घालून. मला मावशी म्हणते. मी कधी हिची मावशी झाले कोण जाणे.

छोटं यंत्र पोटाला लावून पाहिलं. पेन्सिल गाभण आहे. निम्म्याहून जास्त दिवस भरलेत. फार लवकर झालं, म्हणाली. हिची स्वतःचीच हाडं अजून वाढताहेत, कंबर अरुंद आहे, पिल्लू मोठं झालं तर बाहेर येणार नाही. सुरुवातीला कळलं असतं तर एका इंजेक्शनवर निभावलं असतं. आता काढण्यात जितका धोका, तितकाच राहू देण्यात.

"बोकड केव्हा वेगळा केलात?" तिने विचारलं.

मी धाकट्याकडे पाहिलं. गोठ्याचं काम त्याचं. मागच्या दाराची किल्ली त्याच्याकडे असते, सकाळ-संध्याकाळ रस्त्यापलीकडच्या त्याच्या खोलीवरून तोच येतो. आमच्याकडे बोकड म्हणावा असा एकच — बटण. पेन्सिलच्याच वयाचा, गुडघ्याएवढा. डॉक्टरीण म्हणाली, तीन महिन्यांचा झाला की तेवढासुद्धा बाप होऊ शकतो.

"मी त्याला वेळेवर वेगळं बांधलं होतं, ताई," धाकटा म्हणाला.

वेळेवर! याने आयुष्यभर लोकांची घड्याळं दुरुस्त केली. त्याच्या स्वतःच्या खोलीतली तीन घड्याळं तीन वेळा दाखवतात.

५ फेब्रुवारी

झोप नाही. ती केवढीशी आहे! अजून मोठ्या शेळ्यांच्या पोटाखालून जाते. आता पोट अडकतं, मग वळून माझ्याकडे बघते, जणू मीच काही केलंय.

११ फेब्रुवारी

शेजारीणबाई आल्या. बातमी बरी कळते यांना. बँकेतून निवृत्त झाल्यापासून यांना जगाला सल्ला द्यायला दिवस पुरत नाही. सोबत भिजवलेल्या धान्याचं पातेलं. "अहो, दोन जिवांची आहे, भरपूर खाऊ घाला!"

डॉक्टरीण नेमकं हेच करू नका म्हणाली होती. धान्य ओतलंत तर पिल्लू फुगेल आणि आई अडेल. पाला द्या, क्षार द्या, रोज थोडं चालवा. हे मी बाईंना सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही. बँकेतही कुणाचं ऐकत नसाव्यात.

मग त्यांचा बोकड किती शिस्तीचा, यावर व्याख्यान. त्याचं नाव मॅनेजर. घोड्याएवढा! कान इतके लांब की पाणी पिताना तोंडाआधी कान भिजतात. दर रविवारी त्याला शाम्पू लागतो. "माझा मॅनेजर कुंपणाला साधं नाक लावत नाही. नाहीतर तुमचा तो बटण. संस्कार लागतात हो, जनावरालासुद्धा."

पातेलं मी त्यांच्या मॅनेजरलाच घाला म्हणून परत दिलं.

१३ फेब्रुवारी

डॉक्टरिणीकडून बटणाला खच्ची करून घेतलं. चिमटा लावला तेव्हा तो ओरडला, मग लगेच माझ्याच पदराला तोंड पुसू लागला. निर्लज्ज.

धाकटा तिथे थांबला नाही.

२० फेब्रुवारी

आज धाकट्याशी भांडले. म्हणजे मी भांडले, तो उभा होता. पेन्सिल मेली तर ती तुझ्या आळसाने मेली असं म्हणेन, म्हटलं. नोव्हेंबरात माझे गुलाब शेंड्यापासून खाल्ले गेले, तेव्हाही तू शेळ्या मोकळ्या सोडल्या होत्यास आणि तेव्हाही नाही म्हणालास. पुरुषभर उंचीच्या झाडाचे शेंडे काय वाऱ्याने खाल्ले?

तो म्हणाला, "आपल्या शेळ्या तेवढ्या उंच पोचत नाहीत, ताई."

तोंड वर करून बोलतो! मागच्या दाराची किल्ली मागून घेतली. त्याने खिशातून काढून, रुमालाने पुसून माझ्या हातावर ठेवली. पुसून कशाला? काही माणसांना अपमानही नीट करून घेता येत नाही.

२१ फेब्रुवारी

गोठा मीच झाडला. कंबर गेली.

२ मार्च

पेन्सिलला रोज अंगणात फिरवते. चार पावलं चालते, थांबते, माझ्या चपलेवर हनुवटी ठेवते. शाळेत शिवणाच्या तासाला सिस्टर म्हणायच्या, घाईचा टाका उसवतो. हिच्या अंगात कुणीतरी फार घाईचा टाका घातलाय.

शेजारीणबाई कुंपणापलीकडून बघत असतात. "वाळलीये हो!" वाळली नाही, बाई, ती तशीच आहे. तुमच्याकडे सगळंच जाड लागतं.

९ मार्च

डॉक्टरीण पुन्हा आली. यंत्र लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग म्हणाली, खाणं तर तुम्ही बरोबर ठेवलंय, तरी पिल्लू अंदाजापेक्षा मोठं आहे. बटणासारख्या बापाचं एवढं कसं, तिला समजत नाही. यंत्र जुनं असेल, म्हटलं. ती हसली. मी हसण्यासारखं काही बोलले नव्हते.

अडली तर पोट फाडून काढावं लागेल. त्यातून पेन्सिल तगेल की नाही, हे तिला सांगता येत नाही. निदान खोटं तरी बोलली नाही.

१७ मार्च

धाकटा रस्त्यापलीकडे उभा होता. आत आला नाही. कोवळ्या पाल्याची जुडी फाटकाला अडकवून गेला. त्या जुडीला गाठसुद्धा घड्याळवाल्याची, उलगडता उलगडेना.

पेन्सिलने सगळी खाल्ली. मी आणलेला पाला मात्र हुंगून सोडते. दोघंही तसलेच.

२९ मार्च

कास भरली. शेपटीच्या दोन्ही बाजूंना खळगे पडलेत. जेवण गेलं नाही. पेन्सिलला नाही, मला.

३० मार्च

उशीर झालाय, पण लिहिते.

सकाळपासून ती कळा देत होती. नुसतं पाणी आलं, पुढे काही नाही. डॉक्टरीण आली, हात घालून पाहू लागली तर तिची बोटंच आत जाईनात. म्हणाली, थांबण्यात अर्थ नाही. मागच्या खोलीतलं जेवणाचं टेबल ओढलं, वर जुनी चादर. डोकं धरायला माणूस हवा, मावशी, म्हणाली, तुमच्या हातांना कंप आहे.

शेजारीणबाईंना हाक मारली. रक्त बघवत नाही म्हणून त्या घरात गेल्या. इतक्या दिवसांचे सल्ले, आणि हे!

मग मागे धप्प आवाज झाला. धाकटा भिंतीवरून उतरला होता. या वयात! चष्मा एका कानावर लोंबतोय, गुडघा फुटलाय. किल्ली नव्हती ना त्याच्याकडे. म्हणाला, "सकाळपासून आवाज ऐकतोय." आणि सरळ पेन्सिलचं डोकं दोन्ही हातांत घेऊन टेबलाशी उभा राहिला. तिचा कान अंगठ्याने चोळत राहिला, घड्याळाला चावी द्यावी तसा, हळूहळू, मोजून. ती त्याच्याकडेच बघत होती. मी दिवा धरला.

डॉक्टरिणीने पिल्लू ओढून काढलं, नाक-तोंड पुसलं, उलटं धरून झटकलं. शिंकलं! टॉवेलात गुंडाळून धाकट्याकडे दिलं आणि ती टाके घालू लागली. धाकट्याने टॉवेलाची कड उचलून आत पाहिलं. मग पुन्हा नीट झाकलं. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, काही व्यंग आहे. मी विचारलं नाही.

पेन्सिल अजून आडवी आहे. डोळे उघडे. ती उठेपर्यंत मी त्या टॉवेलात बघणार नाही.

३१ मार्च

उठली! पाय फाकवून, डुलत, पण उठली. दोन घास पाला खाल्ला, धाकट्याच्या हातचा.

मग मी टॉवेल उघडला. पिल्लू धडधाकट आहे. कान जमिनीला टेकतात.

धाकटा एवढंच म्हणाला, "ताई, हे कान आपल्या घरातले नाहीत."

नोव्हेंबरातल्या गुलाबांचंही कळलं.

उद्या ज्याचं त्याला द्यायचं आहे —

पेन्सिल धाकट्याला. पुन्हा कधी गाभण राहू द्यायची नाही असं डॉक्टरिणीने बजावलंय, ते त्याला सांगायची गरज नाही. पिल्लूही त्यालाच, दुधाची बाटली आणि माझी लोकरी शाल त्याबरोबर. डॉक्टरिणीला माझे शाळेत मिळालेले चांदीचे डूल. तिच्या कानात आहेत ते फार भडक आहेत. आणि मावशी म्हणायला हरकत नाही.

शेजारीणबाईंना लेंड्यांची एक पाटी. कुंपणावरून, न बोलता. मॅनेजरचा शाम्पू संपला असेल तर तोही द्यावा म्हणते.

बटण माझ्याकडे राहील. त्याला मी आता काय देणार? रोज पदर.

मागच्या दाराची किल्ली धाकट्याला. हातात नाही द्यायची, त्याला काहीतरी बोलावं लागेल आणि मग मलाही. कोट खुंटीवर असतो तेव्हा खिशात टाकायची. पुसून.