केबलची टोपी

रविवार, संध्याकाळ. परतूर.

ती टोपी काही डोक्यातून जाऊन न्हाई राह्यली. कम्प्युटरवरची गाणी घरातल्या जुन्या स्टिरिओवर वाजावी म्हणून मी ऑप्टिकल केबल आणली, उजेडातून आवाज नेणारी. आठ दिवस खटपट केली, आवाज न्हाई. आज साडू जेवायला आल्ते. त्यांनी स्टिरिओमागची केबल उपसली, टोकावरची नखाएवढी प्लास्टिकची टोपी काढून माझ्या हातात ठेवली, केबल परत खोचली. घर दणाणलं.

आमच्या घरात रिमोटचंसुद्धा प्लास्टिक कुणी काढत न्हाई. मंग केबलची टोपी मी कशी काढावी? नवी वस्तू खराब होऊ नये म्हणून तर ठेवल्ती.

सुनंदा म्हणाली, "दाजी, डोकं लागतं याला." बघत होती माझ्याकडं. अठरा वर्षांच्या संसारात मला एकदा तरी असं म्हणाली का? त्यांच्या वाटीत न विचारता बासुंदी. मला मात्र, "तुम्हाला पाहिजे का अजून?"

ते गेल्यावर मी टोपी खिशातून काढली अन् परत बसवली. पोरकटपणा आहे, कळतं मला. पण गाणं वाजलं न्हाई की ती मला हाक मारणार, मी उगं थोडा वेळ मागं हात घालणार, टोपी काढणार. एवढंच पाहिजे होतं.

तिनं गाणं लावलं. वाजलं न्हाई. मी खुर्चीतून उठलोसुद्धा.

"तुम्ही हात लावू नका," ती म्हणाली. "दाजींना फोन लावते."

मी हे लिहून राह्यलो अन् ती फोन कानाला धरून स्टिरिओमागं वाकली. दाजींनी टोपीचंच विचारलेलं दिसतंय.