घड्याळजीने स्वप्नात जागं राहू नये

प्रिय धाकटीस,

तुझ्या लंगड्या भावोजींचे भरभरून आशीर्वाद. तुझी रात्रपाळी, तुझी पाठदुखी आणि तुझे यजमान (त्रासाचा क्रम हाच ना?) सगळं आटोक्यात असेल अशी आशा. माझं म्हणशील तर उजवा पाय प्लास्टरमध्ये आहे. त्याला थोडी तू जबाबदार आहेस आणि पुष्कळसा मी.

मागे आली होतीस तेव्हा जेवताना तुझ्या दवाखान्यातल्या झोपेच्या विभागाबद्दल सांगत होतीस, आठवतंय? माणसांच्या डोक्याला वायरी चिकटवून तुम्ही त्यांना झोपवता (आणि पगार घेता, धन्य आहे), स्वप्न पडत असताना अंग ढिलं पडतं, नुसते डोळे हलतात, आणि एखाद्याला स्वप्नातच कळतं की हे स्वप्न आहे. मग तो आधी ठरल्याप्रमाणे डोळे डावी-उजवीकडे फिरवून तुम्हाला खूण करतो. पुढे तू बरंच बजावलंस. रोज गजर लावून झोप मोडू नका, जागेपण आणि स्वप्न यांची सरमिसळ व्हायला लागली तर ताबडतोब थांबा, वगैरे. पण तोवर माझं डोकं भलतीकडेच पोचलं होतं. कारण तुला कधी बोललो नाही, पण तुझी ताई गेल्यापासून अधूनमधून माझ्या स्वप्नात यायची. थेट स्वयंपाकघरात यायची आणि करवादतच यायची. नळ गळतोय, बनियन उलटा घातलाय, दूध उतू गेलंय. मी मुकाट्याने नळाचा वायसर शोधायला लागायचो आणि जाग आल्यावर लक्षात यायचं, अरे, ही तर गेली! इतक्या लांबून आली होती आणि मी वायसर शोधत बसलो. फार जीव तुटायचा गं. म्हटलं, एकदा तरी ती समोर असताना मला कळू दे की ती समोर आहे.

मग तू सांगितलेली परीक्षा सुरू केली, आणि तू नको म्हणालीस तो गजरही. घड्याळ बघायचं, नजर वळवायची, पुन्हा बघायचं. वेळ भलतीच दिसली तर समजायचं, स्वप्न. दिवसा सवय लागली की झोपेतही लागते म्हणे. आता तूच सांग, ही परीक्षा घड्याळजीला सांगायची असते का? माझ्या दुकानात भिंतभर दुरुस्तीला आलेली घड्याळं. इकडे बघावं तर सव्वादहा, तिकडे पावणेचार, आणि काउंटरमागचं तर उलटंच चालतं (ते वकीलसाहेबांचं, त्यांना त्यांच्या सासऱ्यांनी दिलेलं, त्यामुळे फेकता येत नाही). धाकटे, मी दिवसाढवळ्या, डोळे उघडे ठेवून स्वप्नात वावरत होतो! गिऱ्हाइकांशी चक्क खरं बोललो. वकीलसाहेबांना सांगितलं, हे माझ्याच्याने सुधारणार नाही, इतके दिवस मी नुसता पुसून ठेवतोय. ते गेल्यावर स्टुलावर चढलो आणि हात पसरले, कारण स्वप्नात उडता येतं हेही तुझंच. उडायचंच तर जमिनीवरून उडून बघायचं असतं, स्वप्न असेल तर तिथूनही जमतं, हे मला प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं.

घरी पडून राहिलो आणि तेव्हा कुठे साधलं. त्याआधी एकदा जाग आली तर बोटसुद्धा हलेना, छातीवर कुणी बसल्यासारखं. मेलोच म्हटलं, आणि दुकानाचं कुलूप लावलंय की नाही याचीच काळजी लागली. (अंग उशिरा जागं होतं, घाबरायचं नाही, हे तू सांगितलेलं नंतर आठवलं.) मग एका दुपारी स्वयंपाकघर दिसलं, भिंतीवरच्या घड्याळाचे काटे दोनदा बघितले, आणि ओळखलं! ती ओट्यापाशी उभी. म्हटलं, नळ गळतोय. म्हणाली, गळू दे. म्हटलं, दुकान विकून टाकू का? म्हणाली, तुम्हाला योग्य वाटेल तसं करा. धाकटे, तुझी ताई! उभ्या संसारात तिने हे वाक्य उच्चारलं नव्हतं. मी जे मनात आणायचो तेच तिच्या तोंडून यायचं. पुन्हा पुन्हा करून बघितलं, दर वेळी तशीच गोड. ती नव्हतीच ती, तिच्या आवाजात मीच बोलत होतो.

आता गजर बंद केलाय, परीक्षा सोडलीय, पण ती गोडबोलीही येत नाही आणि खरीही येत नाही. आपणहून येणाऱ्या बाईला हुकमावर बोलवायला गेलो आणि घालवून बसलो. फार चुकलं माझं.

यजमानांना नमस्कार सांग. स्टुलाचं त्यांना सांगू नकोस.

तुझे भावोजी

ता. क. : चार दिवस येऊन राहशील का? काम काही नाही. तुझा आवाज, विशेषतः चिडल्यावरचा, हुबेहूब ताईचा आहे. स्वयंपाकघरात उभं राहून मला थोडं झाडायचं, बस. नळ मी तसाच गळता ठेवलाय.

आणखी ता. क. : येण्याची घाई करू नकोस. या पत्रासाठी पाकीट शोधता शोधता खुर्चीतच डोळा लागला आणि ती आली. म्हणाली, पाहुणी बोलावताय, घराकडे बघितलंत का? तिच्या पाठीला गादी कुठली देणार आहात? आधी पलंगावरचा पसारा काढा. म्हटलं, अगं, पाय मोडलाय. म्हणाली, हात आहेत ना? तेवढ्यात मला शंका आली. घड्याळ समोरच्या भिंतीवरच होतं. मी तिकडे बघितलं नाही. मुकाट्याने वायसर शोधायला लागलो.