पियानोची पोच

सातारा,
ता. १७ नोव्हेंबर १९४६

चि. सौ. अंजनास,
अनेक आशीर्वाद. मी ठणठणीत आहे, तुम्ही सगळेही तसेच असाल असं धरून पुढे लिहितो. तुझ्या सासऱ्यांच्या हळदीला वॅगन मिळाली का? नसेल तर कळव, सांगलीच्या मालधक्क्यावर शब्द टाकीन. शब्दच, दुसरं काही नाही.

पाचगणीच्या खेपांचं तुला लिहीत आलो, कारण मात्र लिहिलं नाही. दसऱ्याच्या सुमारास माझ्याकडे एक अजब माल आला. पाचगणीच्या एका मुलींच्या शाळेने मुंबईहून पियानो मागवला होता. तो वाठार स्टेशनावर उतरवून घेऊन शाळेत पोचवायचा होता. वीस वर्षं मी हुंडेकरी आहे. गूळ, हळद, घोंगड्या, एकदा देवळाची घंटासुद्धा पोचवली, पण पियानो कधी नाही.

पेट्रोलची तंगी अजून आहेच, म्हणून कोळशाच्या गॅसवर चालणारी लॉरी केली. ती पसरणीच्या घाटात पहिल्याच चढाला बसली. मग आपल्या गुंडा गाडीवानाची बैलगाडी आणवली, पेटाऱ्याखाली म्हसवडच्या घोंगड्या अंथरल्या आणि निघालो. प्रत्येक धक्क्याला आतल्या तारा घुमायच्या. गुंडाने गाडी थांबवून हळूच विचारलं, "मालक, आत कोन हाय?" समजावून सांगितल्यावर त्याची भीती गेली, ती इतकी की अर्ध्या घाटानंतर तो मुद्दाम खड्ड्यातून चाक घालू लागला. मी रागावलो. नीट रागावता आलं नाही.

शाळेत शालूबाई म्हणून संगीत शिकवतात, त्यांनी माल ताब्यात घेतला. उभ्याउभ्याच वाजवून पाहिला. हमाल, स्वयंपाकीण, माळी, सगळे दारात गोळा झाले. वाजवून झाल्यावर त्या म्हणाल्या की एक पट्टी अडकते आहे, ती सुटेपर्यंत पोच देणार नाही. त्यांचं बरोबरच होतं. माल ठीक मिळाल्याची सही हातात पडेपर्यंत जबाबदारी हुंडेकऱ्याची.

म्हणून बाजाची पेटी दुरुस्त करणाऱ्या नाथाजी मिस्त्रींना घेऊन पुन्हा गेलो. पट्टी सुटली, तर पायाखालची दांडी कुरकुरत असल्याचं निघालं. पुढच्या खेपेला ती गप्प झाली, तर खर्जातला एक सूर गांधीलमाशीसारखा गुणगुणत होता. नाथाजींनी बराच वेळ कान लावला आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, आपल्याला तर काही ऐकू येत नाही. मी म्हणालो, मला येतं.

अंजना, मलाही येत नव्हतं. मी खोटं बोललो, आणि घाट उतरताना शीळ घालत होतो. रोजनिशीत फक्त ‘कामानिमित्त पाचगणी’ असं लिहिलं. ती कुणी वाचत नाही, तरी तिच्यापासूनही लपवलं. गुंडापासून मात्र काही लपलं नाही. परवा म्हणाला, "मालक, तुमी निवांत झोपा. बैलांस्नी वाट पाठ झालीया."

गेल्या रविवारी नाथाजींना न घेताच गेलो. शालूबाईंनी मिस्त्रींची चौकशी केली. मी म्हणालो, आज त्यांना आणलं नाही. त्यांनीच पियानोचं झाकण मिटलं.

"याला काहीही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "पोच दिली की तुमचं येणं संपेल, म्हणून दिली नाही."

वीस वर्षांत मी पोच घेतल्याशिवाय कुठून परतलेलो नाही. मी म्हणालो, "मग देऊ नका."

हे एका दमात लिहून टाकलं, आता जरा थांबतो.

शालूबाई चाळिशीच्या आहेत. लहानपणीच विधवा झाल्या, पुण्यात राहून शिकल्या. लग्नाचं मीच विचारलं. त्यांनी एकच अट घातली: आधी लेकीला विचारा. तू नको म्हणालीस तर त्या टपालाने पोच धाडतील आणि मी ती घेईन.

तुझी आई जाऊन नऊ वर्षं झाली. तिची जागा मी दुसऱ्या कुणाला देतो आहे का, हे स्वतःला पुष्कळदा विचारलं. नाही, असं उत्तर येतं. पण ते मला सोयीचं आहे, म्हणून त्याच्यावर भरवसा ठेवत नाही. शिवाय लोक मला काही म्हणणार नाहीत, तुला म्हणतील. राहीबाईंसारख्या करड्या सासूपुढे तुला रोज वावरायचं आहे. तुझ्या ताटात माझ्यामुळे खडा पडू नये.

तेव्हा मला आवडेल ते लिहू नकोस. खरं असेल ते लिही.

टपालवाल्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
तुझा आबा


पाचगणी,
ता. १ डिसेंबर १९४६

चि. सौ. अंजना,
तुला आशीर्वाद, आणि राहीबाईंना माझा साष्टांग नमस्कार. तो का, ते त्यांना कळेल.

तुझं पत्र वाठारच्या मालधक्क्यावर मिळालं. गुळाच्या पोत्यावर बसून वाचलं. तू लिहितेस, "आबा, पूर्वी तुमचं पत्र तीन ओळींचं असायचं. दसऱ्यापासून पानभर येतं आणि पानभर नुसता पाचगणीचा घाट असतो. मला कळलं नसेल असं वाटलं का?" इथवर ठीक होतं. पुढे, माझं सगळं पत्र तू सासूबाईंना वाचून दाखवलंस हे वाचलं आणि पत्र मिटलं, पुन्हा उघडलं. मग त्यांचं बोलणं आलं, तू जसंच्या तसं उतरवलेलं: "व्याह्यांस्नी लिव्ह, वरमाय मीच हुणार. जरीचं लुगडं धाडा म्हनावं. आन् मी करडी हाय हे त्यांस्नी कुनी सांगितलं, त्ये बी इचार."

हमालांनी गुंडाला विचारलं, मालक रडतायत का हसतायत? गुंडा म्हणाला, "दोन्ही. त्या पेटाऱ्यागत."

तुझं पत्र घेऊन तसाच घाट चढलो. शाळेला थंडीची सुट्टी लागली की मार्गशीर्षातच लग्न करायचं ठरलं आहे. मांडव नाही, वाजंत्री नाहीत. पियानो आहे. तुम्ही सगळे या. लुगडं मी आणतो, रंग तू कळव.

काल रोजनिशीत खरं कारण लिहिलं. अक्षर इतकं वेडंवाकडं आलं की माझं मलाच वाचता येईना.

आज पोच मिळाली. आता या कागदावर उरलेली जागा मला सोडायची आहे, कारण शेजारी बसलेल्या बाई लेखणी मागताहेत.

तुझा आबा

अंजना,
पियानो सुखरूप पोचला, तुझे आबाही पोचले. दोघांनाही घाटात थोडा वेळ लागला. तू ‘हो’ म्हणालीस ते वाचलं आणि मला एकही सूर नीट वाजवता आला नाही, म्हणजे दुरुस्तीला जागा अजून आहे. लवकर ये.
तुझी,
शालू