कमरेचं पिस्तूल आणि ओपलमावशीची मिठी

ती. मर्लमामांस,

तुमच्या नव्या गुडघ्याला, आणि अजून बदलायच्या राहिलेल्या जुन्यालाही, कोल्बीचा नमस्कार. पत्राला फार उशीर झाला. कारण विचाराल तर पेन होतं, कागद होता, वेळ तर माझ्याकडे कायमच असतो. तोंड दाखवायला जागा नव्हती. (पत्रात तोंड दिसत नाही हे मलाही कळतं, पण तुम्हाला ते अक्षरातूनही दिसतं.) एकदा लिहायला बसलो होतो, तेवढ्यात मी ज्याच्याकडे काम करतो त्या डबने हाक मारली की नदीपलीकडे कोणी एक खेचर फुकट देतोय. मग आम्ही ते बघायला गेलो. ते खेचर फुकट का होतं ते तिथे गेल्यावर कळलं, आणि माझ्या पोटरीवर त्याची खूण आहे, पण तो विषय वेगळा. गुडघा वाकतो का? मामी अजून तुम्हाला काठी घेऊनच दुकानात पाठवते का? व्हायोमिंगात बर्फ वितळला असेल. इथे ओक्लाहोमात उकडायला लागलंय, आणि उकाडा हाच खरा आपला मुद्दा आहे, कारण उन्हाळ्यातल्या पातळ शर्टाखाली पिस्तूल लपतं का, हेच तर तुम्हाला हवं होतं.

तुम्ही ते छोटं पिस्तूल माझ्या हातात ठेवलंत तो दिवस मला चांगला आठवतो. तुम्ही म्हणालात, "गिऱ्हाईक विचारतं, हे अंगावर दिसतं का? मी काय सांगू? माझ्या पोटाआड नांगरसुद्धा लपेल. तू म्हणजे कुंपणाची काठी. तुझ्या कमरेला लपलं तर कोणाच्याही लपेल." आणि ठरलं असं, की ते मी जिथे जाईन तिथे लावायचं, आधी रिकामंच, घरी ठेवून जायचं नाही, आणि मग खरंखरं लिहायचं. लिहिणं पटलं तर तुमच्या बंदुकांच्या दुकानात गल्ल्यामागे मला जागा. मामा, जत्रेतला पाळणा फिरवून झाला, छपरं शाकारून झाली, टर्कींची खुराडी साफ करून झाली (टर्कीइतका मूर्ख प्राणी एकच, त्यांना चारा घालायला जाणारा). गल्ल्यामागे स्टुलावर बसून काम करायचं म्हटल्यावर मी स्वर्गात होतो.

तर पिस्तुलाबद्दल. ते उजव्या कुल्ल्याच्या जरा मागे बसतं, आणि विसरायला होतं, हे खरं. पण गाडीच्या सीटवर बसलो की मूठ बरगडीत घुसते. डबच्या दुकानात मी पशुखाद्याची पोती उचलतो; पोतं उजव्या खांद्यावर घेतलं की आणखी घुसते, म्हणून हल्ली डाव्या खांद्यावर घेतो, आणि डब म्हणतो, "तू डावखुरा कधीपासून झालास रे?" वाकायचं तर कमरेत नाही, गुडघ्यात वाकायचं, नाहीतर शर्टावर मागे छाप उमटते. वरच्या फळीवरचं काही काढायचं नाही, शर्ट वर जातो. सगळ्यात मोठी पंचाईत पँटची. तुम्ही बजावलं होतंत की जाड, रुंद चामड्याचा पट्टा घे, मऊ पट्ट्यावर वजन पेलत नाही. मी घेतला नाही. माझ्याकडे जत्रेतला विणलेला पट्टा होता, ज्याच्या बक्कलवर घोड्याचं तोंड आहे (एक डोळा गेलाय), आणि मला तो आवडतो. त्यामुळे उजवी बाजू पुढे आणि डावी मागून, अशी माझी पँट दिवसभर खाली निघालेली असते.

आता जे सांगायचं नाही ते सांगतो. ओपलमावशीचे हार्लनकाका गेले तेव्हा तुमचा गुडघा फाडलेला होता, तुम्हाला येता आलं नाही. मी होतो. आणि तुम्ही "जाशील तिथे" म्हणाला होतात, म्हणून ते पिस्तूलही होतं. शवपेटी उचलणाऱ्यांत मावशीने माझं नाव घातलं होतं, उजवीकडचं पुढचं टोक. चर्चच्या दारापासून पँट घसरायला लागली. दोन्ही हात पेटीला, म्हणून मी गुडघे एकमेकांना चिकटवून, बदकासारखा, थडग्यापर्यंत चालत गेलो. मागे बायका कुजबुजल्या की पोराचे पाय दुःखाने उचलत नाहीत. दुःख होतंच, मामा. काकांनी मला गाडी चालवायला शिकवली, आणि मी ती तळ्यात घातली तेव्हा ते फक्त म्हणाले होते, "आता पोहायलाही शिकव म्हणतोस काय?" पण ते पाय दुःखाचे नव्हते, आणि लोक हळहळत होते, आणि मी त्यांना हळहळू दिलं.

मग सगळे रांगेत मावशीला भेटायला. इथे कोणी कोरडं भेटत नाही, तुम्हाला माहीतच आहे. मिठीच मारतात, आणि ओपलमावशीची मिठी म्हणजे दळणाच्या जात्यात सापडल्यासारखं. तुम्ही मला मिठीची युक्ती शिकवली होतीत: आपले हात समोरच्याच्या हातांखालून घालायचे, म्हणजे त्याचे हात आपल्या खांद्यावर येतात, कमरेपाशी येत नाहीत. युक्ती उत्तम आहे. फक्त ओपलमावशीचं डोकं माझ्या शर्टाच्या खिशाशी येतं. तिचे हात खांद्यावर यायला तिला खुर्ची लागेल. ते जातात ते थेट कमरेवर. रांग पुढे सरकत होती आणि मी हाच हिशेब करत होतो. नवरा गेलेली बाई समोर, आणि माझ्या डोक्यात कोन. माझी पाळी आली. तिने हात पसरले. मी जरा बाजूला वळलो, हात पुढे केला, आणि मावशीशी हस्तांदोलन केलं. वर म्हणालो, "भेटून आनंद झाला, मॅडम."

हे मी पुन्हा वाचलं. असंच घडलं.

तिने आधी आपल्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. "जेवून जा," म्हणाली, आणि पुढच्याला मिठी मारली. मामा, तुमची धाकटी बहीण, म्हणजे माझी आई, मला "दोन दिवस सांभाळ" म्हणून ओपलमावशीच्या पायरीवर सोडून गेली, ते दोन दिवस चौदा वर्षं चालले. त्या पायरीवर मावशीने मला उचललं होतं तेव्हा मी चावलो होतो, तरी तिने सोडलं नव्हतं.

जेवणाच्या हॉलमध्ये तळलेलं चिकन घ्यायला उभा राहिलो तर लर्लीनबाई, त्या मावशीच्या शेजारच्या, बटाट्याचा डाव हातात धरून म्हणाल्या, "हात लावायलाही कचरतोस तिला? तुझे लंगोट धुतलेत तिने." मी म्हटलं की मी आलो तेव्हा सहा वर्षांचा होतो, लंगोट नव्हते. "तोंड वर करून बोलतोयस," म्हणाल्या आणि बटाटे दिले नाहीत. मग चर्चचा म्हातारा कारभारी फ्लॉइड जवळ सरकला आणि माझ्या उजव्या कुल्ल्याकडे न बघता म्हणाला, "नवीन आहे वाटतं?" मी विचारलं, दिसतं का? "ते नाही दिसत," म्हणाला, "तू दिसतोस. दर दोन मिनिटांनी कोपराने चाचपतोस. आणि ओपलपासून कशाला लपवायचं? या हॉलमधल्या निम्म्या कमरा तिला पाठ आहेत. तीस वर्षं मिठ्या मारतेय. मी गेल्या नाताळात पिस्तूल बदललं, तर मिठीतच विचारते, फ्लॉइड, हे हलकं आहे रे, जुनं विकलंस का?"

मी चिकनची बशी खाली ठेवली. म्हणजे अख्ख्या गावाने लोखंड लावून तिला मिठी मारली होती, आणि मी एकटाच तिच्या हातून सुटलो होतो. लगेच जाऊन सांगायला हवं होतं. मी तिच्यापर्यंत निघालोही, पण वाटेत कोणीतरी मला दुमडत्या खुर्च्या उचलायला लावल्या, आणि खरं सांगायचं तर मी दोन जास्तच उचलल्या. एरवी दर रविवारी तिचा फोन यायचा की मक्याचा पाव केलाय, ये; त्या दिवसापासून तो आलेला नाही. मीही केला नाही. रोज ठरवतो, आणि रोज कालच्यापेक्षा अवघड झालेलं असतं. रविवारी मी डबच्या दुकानामागच्या ट्रेलरमध्ये डब्यातल्या घेवड्याच्या शेंगा खातो आणि फोनकडे पाठ करून बसतो.

मामींना नमस्कार. काठी टाकू नका.

तुमचा भाचा,
कोल्बी

ता. क. पिस्तुलाचा निकाल लिहायचा राहिलाच. पिस्तूल फार चांगलं आहे. बेलाशक विका. सडपातळ माणसाच्या पातळ शर्टाखालीही कोणाला दिसत नाही. लावलेला माणूस तेवढा लांबून ओळखू येतो. गिऱ्हाइकाला आधी विचारा की घरात बुटकं कोण आहे.

आणखी एक. हे सगळं मी ज्यासाठी लिहिलं ते हे: गल्ल्यामागची जागा नाही दिलीत तरी चालेल, पण मावशीला तुम्ही एक फोन करा. तुमचं ती ऐकते. आधी मला वाटलं होतं, तुम्ही सांगावं की कोल्बीला खरूज झाली होती म्हणून त्याने अंग चोरलं. पण मग ती मलम घेऊन येईल. तेव्हा खरंच सांगा. फक्त पिस्तूल रिकामं होतं हे सांगू नका. भरलेलं असतं तर निदान काही कारण तरी होतं.

आणखी एक. फोन करू नका. हार्लनकाकांची गाडी आत्ता ट्रेलरसमोर येऊन उभी राहिली आणि त्यातून मावशी उतरते आहे. एकटीच. मक्याचा पाव दिसत नाही. तिच्या हातात काकांचा पट्टा आहे, तुम्ही मला घ्यायला सांगितला होतात तसलाच रुंद, जाड चामड्याचा, गुंडाळलेला, आणि ती खिडकीतून आधी माझ्या पँटकडे बघते आहे. पिस्तूल कमरेलाच आहे. काढत नाही. दार उघडतो.