ताईचा रांजण कसा वाजेल

८ जानेवारी
परत शिव्या खाल्ल्या. भट्टी गार व्हायच्या आत झाकण उचललं. सकाळपर्यंत थांबायचं असतं, माहितीये, पण मातीच्या वाट्यांवर निळा ग्लेज कसा उतरलाय ते बघितल्याशिवाय… आणि आतून टिंग! मग टिण्, टिंग टिंग. वाट्या आपल्या आपण वाजायला लागल्या!! कोणी हात न लावता.
मीनाताई धावत आली. भट्टी तिची, मी शिकाऊ. "हात शिवशिवतात ना तुझे? तो आवाज म्हणजे ग्लेजच्या काचेला तडे जातायत, बये. शिकवून शिकवून थकले मी."
जाऊ देत तडे. रेकॉर्ड केलं, आमच्या साउंडवाल्या योग्याला पाठवलं.

९ जाने.
योग्या अंधेरीचं डबिंग टाकून मरोळला आमच्या गाळ्यात हजर. वाट्या अजून मधूनच बोलतायत. त्याने बुडाला माइक चिकटवला, स्पीकर लावला. अख्खा गाळा वाजायला लागला! शेजारचे पॅकिंगवाले काम सोडून दारात.
"यार, आपण वाजवायचंच नाही," योग्या नाचत होता. "लोकांना बसवायचं, त्यांच्यासमोर गरम भट्टी उघडायची. बस्स."
कार्यक्रम पुढच्या शनिवारी. ताई 'बघू' म्हणाली. म्हणजे हो.

११ जाने.
वायर आणायला घाटकोपरला. स्टेशनबाहेर संक्रांतीची सुगडं मांडलेली. एकेक टिचकी मारून ऐकत बसले. प्रत्येकाचा गळा वेगळा, शप्पथ. सुगडंवाली मावशी म्हणे, "घेणार आहेस का भजन करणारेस?"
पाच घेतली. वायर राहिली.

१३ जाने.
योग्याला आवाज बारीक वाटतोय, मोठं भांडं पाहिजे. मोठं एकच, ताईचा रांजण. दिवाळीपासून करतेय ती. आधीचे दोन चाकावरच ढासळले.
विचारलं, तो गरम उघडूया का.
"डोकं फिरलंय? गरम असताना गार हवा लागली तर उभा चिरेल तो."
"नाहीसुद्धा चिरणार ना."
"तुझं काय जातंय!"
खरंय. माझं काय जातंय.
कुलूप लावताना ताई हळूच, "आवाज कसा येईल गं त्याचा?"
देवा!!

१५ जाने.
ताईने रांजण भट्टीत ठेवला. एकटीने. मला हात लावू दिला नाही.

शनिवार
लोक आले! गोणपाटावर दाटीवाटीने बसलेत. पॅकिंगवालेपण, आंघोळ करून. पंखे बंद. माइक भट्टीवर टांगलाय, योग्याचे डोळे मिटलेले. मी कोपऱ्यात हे लिहितेय, कारण हात नुसते राहत नाहीत.
ताई हातमोजे घालून झाकणापाशी. माझ्याकडे बघून म्हणाली, "सांग. उघडू?"
मला कधी कोणी विचारलंच नव्हतं. मी आपली उघडायचे. आणि आज मलाच वाटतंय, थोडं थांबूया. पण थांबलो की रांजण गार, आणि गार झाला की मुका.
ताई अजून बघतेय.